‘लई भारी’च्या पुढे : मुलांना कार्टूनवर मत मांडायला शिकवताना



‘माझे आवडते कार्टून’ या विषयावर चौथीच्या मुलांना पाच ओळी लिहायला सांगा. बहुतेक वह्यांमध्ये साधारण असं सापडेल : ‘माझे आवडते कार्टून मोटू पतलू आहे. ते मला खूप आवडते. ते खूप छान आहे. मी ते रोज बघतो. म्हणून ते मला आवडते.’

पाच ओळी झाल्या. शुद्धलेखनही बरं आहे. पण यात मत कुठं आहे?

हाच मुलगा मधल्या सुट्टीत मित्राला कालचा भाग दहा मिनिटं हातवारे करून सांगत असतो. कोण चुकलं, कोण उगाच मार खाल्ला, शेवट कसा फसला, सगळं त्याला सांगता येतं. म्हणजे मत त्याच्याकडे आहे. ते कागदावर उतरत नाही, कारण मत कसं मांडायचं हे आपण फारसं शिकवत नाही. आपण विचारतो, ‘आवडलं का?’ मुलं म्हणतात, ‘हो मॅडम, लई भारी!’ आणि पाठ पुढे सरकतो.

आज मी तुमच्याबरोबर एक छोटा पाठ वाटून घेणार आहे. तो तीन तासिकांचा आहे. साहित्य म्हणून फळा, खडू, वर्तमानपत्रातली दोन-चार चित्रमालिकांची कात्रणं आणि मुलांनी घरी पाहिलेली कार्टून एवढंच लागतं. प्रोजेक्टर नसला तरी अडत नाही.

१. आवड वेगळी, मत वेगळं

आपल्या कोल्हापुरात हा फरक समजवायला लांब जावं लागत नाही. राजर्षी शाहू महाराजांनी बांधलेल्या खासबाग मैदानात कुस्ती बघायला बसलेला माणूस आठवा. ‘कुस्ती छान झाली’ एवढ्यावर तो थांबत नाही. तो सांगतो, ‘पट काढला तेव्हाच निम्मी कुस्ती मारली’, ‘दम टिकला नाही म्हणून शेवटी चितपट झाला’. शेजारी बसलेल्याला ते पटलं नाही, तर तोही आपलं कारण सांगतो. दोघांनी पाहिलेली कुस्ती एकच, मतं दोन आणि दोन्ही मतांना दाखला आहे.

मुलांना मी हेच सांगते. ‘मला आवडलं’ ही आवड झाली. ती चूक नसते, कारण आवड ज्याची त्याची असते. ‘मला अमुक वाटतं, कारण त्या भागात अमुक घडलं’ हे मत झालं. मताला तीन पाय लागतात : काय वाटलं, कशामुळे वाटलं आणि ते कुठल्या प्रसंगात दिसलं. एक पाय नसला की स्टूल पडतं. फळ्यावर तीन पायांचं स्टूल काढलं की मुलांच्या ते चांगलं लक्षात राहतं.

भाषेच्या अध्ययन निष्पत्तींमध्ये ऐकलेल्या, पाहिलेल्या, वाचलेल्या गोष्टींवर स्वतःचं मत मांडणं येतंच. त्यामुळे हा पाठ ‘अभ्यासक्रमाबाहेरचा’ नाही, हे पर्यवेक्षणाला आलेल्या साहेबांनाही नि:शंक सांगा.

२. पहिली तासिका : कागदावरचं चित्र पडद्यावर आलं की काय होतं?

मुलांना हे माहीत नसतं की बरीच कार्टून आधी कागदावर जन्माला आलेली असतात. ‘मोटू पतलू’चंच बघा. ही जोडी टीव्हीवर आली २०१२ मध्ये. पण त्याच्या कितीतरी वर्षं आधीपासून ती ‘लोटपोट’ या मुलांच्या हिंदी नियतकालिकात होती. ‘लोटपोट’ १९६९ मध्ये दिल्लीहून सुरू झालं आणि ही जोडी कागदावर उतरवली व्यंगचित्रकार कृपाशंकर भारद्वाज यांनी. म्हणजे आज मुलं जे बघतात, ते त्यांच्या आजोबांच्या वयाच्या कुणीतरी कधीकाळी पानं उलटत वाचलं होतं. हे सांगितलं की वर्गात एकदम शांतता होते. कार्टूनला ‘लहानपण’ असतं ही कल्पनाच मुलांना गमतीची वाटते.

मराठीतलं जवळचं उदाहरण म्हणजे ‘चिंटू’. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांची ही चित्रमालिका १९९१ पासून वर्तमानपत्रात यायला लागली. पुढे २०१२ मध्ये तिच्यावर सिनेमाही आला, खऱ्या मुलांना घेऊन. तुमच्या वर्गातल्या कित्येक पालकांनी सकाळी पेपर उघडल्यावर आधी चिंटू वाचलेला असेल.

कृती : तीन-चार चौकटींची एखादी चित्रमालिका प्रत्येक गटाला द्या. आधी मुकाट्यानं वाचायला सांगा. मग गटानं तीच अभिनय करून दाखवायची. नंतर विचारा :

- कागदावर आवाज नव्हता. तुम्ही कोणाला कसला आवाज दिला? तसाच का दिला?
- दोन चौकटींच्या मध्ये काय घडलं असेल? ते तुम्हाला कसं कळलं?
- तुम्ही काय वाढवलं? काय गाळलं?

इथं मुलांना एक मोठी गोष्ट आपोआप कळते. कागदावरून पडद्यावर येताना कुणीतरी निर्णय घेतं. आवाज कोणी ठरवला, पडल्यावर ‘धप्प’ किती जोरात वाजवायचं हे कोणी ठरवलं, कोणाचा चेहरा जवळून दाखवायचा हे कोणी ठरवलं. आणि निर्णय माणसानं घेतलेला असला की त्यावर मत देता येतं.

३. दुसरी तासिका : डेनिसची गलोल

आता वर्गापासून जरा लांबची एक गोष्ट सांगायची. लांबची एवढ्यासाठी, की तिच्यात मुलांचं आपलं-परकं काही नसतं आणि ती मोकळेपणानं न्याय करू शकतात.

स्कॉटलंडमधल्या डंडी शहरातून ‘बीनो’ नावाचं मुलांचं कॉमिक १९३८ पासून निघतं. त्यात १९५१ मध्ये डेनिस नावाचा एक खोडकर मुलगा आला. विस्कटलेले काळे केस, लाल-काळ्या पट्ट्यांचा स्वेटर, खिशात गलोल. पुढे १९६८ मध्ये त्याला नॅशर नावाचा तसाच विस्कटलेल्या केसांचा कुत्रा मिळाला. (पिवळ्या केसांचा, शेजारच्या विल्सनकाकांना छळणारा अमेरिकन डेनिस हा वेगळा. गंमत म्हणजे तोही त्याच वर्षी, त्याच मार्च महिन्यात छापून आला आणि दोघांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता.)

जुन्या बीनोत डेनिसचा एक ठरलेला बळी असायचा, वॉल्टर. चष्मा लावणारा, नीटनेटका, पुस्तकं आवडणारा, भांडण नको म्हणणारा मुलगा. डेनिस त्याला ‘नाजूक’ म्हणून चिडवायचा, छळायचा आणि वाचणारी मुलं हसायची. जुन्या पानांत शेवटी बाबांच्या हातात चप्पल असायची आणि डेनिसला मार बसायचा. त्यावरही मुलं हसायची.

१९९६ मध्ये डेनिसची कार्टून मालिका टीव्हीवर आली. २००९ मध्ये नवी मालिका आली, तेव्हा डेनिस बराच सौम्य झाला होता. गलोल गेली, वॉल्टरला छळणं कमी झालं, चेहऱ्यावरचा खुनशीपणा जाऊन हसू आलं. कॉमिकमध्येही काही काळ तसाच डेनिस दिसला. त्यावर मोठ्यांमध्ये वाद झाला. लहानपणी बीनो वाचलेले लोक म्हणाले, ‘खोडी काढून घेतली तर डेनिसमध्ये उरलं काय?’ दुसऱ्या बाजूचे म्हणत होते, ‘एका चष्मेवाल्या मुलाचा छळ हा विनोद कसा?’ पुढे कॉमिकमध्ये डेनिसचा खट्याळ चेहरा परत आला. २०१७ मध्ये तिसरी मालिका आली. तिच्यात डेनिस खोडकरच आहे, पण वॉल्टर बदलला आहे. तो आता गावच्या महापौरांचा मुलगा आहे. पैसा आणि वजन त्याच्याकडे आहे आणि त्याच्या जोरावर तोच दुसऱ्यांना त्रास देतो. डेनिसच्या टोळीत रूबी नावाची व्हीलचेअर वापरणारी मुलगी आहे. तिच्याकडे कुणी कीव म्हणून बघत नाही, कारण टोळीतली यंत्रं बनवणारी हुशार मुलगी तीच आहे.

इथं जरा थांबा आणि मुलांना विचारा, ‘२००९ मध्ये काय काढलं? २०१७ मध्ये काय बदललं?’

२००९ मध्ये मुख्यतः खोडी कमी केली. २०१७ मध्ये खोडी ठेवली, पण हसू कोणावर हे बदललं. आधी दुबळ्यावर हसत होते, आता दादागिरी करणाऱ्यावर हसतात. माझ्या मते या सगळ्या पाठाचा गाभा हाच आहे. कार्टूनमध्ये मारामारी किती, आरडाओरडा किती, हे आपण मोठी माणसं मोजत बसतो. त्यापेक्षा जास्त काही सांगणारा प्रश्न एकच आहे : आपण हसलो ते कोणावर?

कृती : चार खुर्च्या. वर्गाचे चार गट करा. प्रत्येक गटाला एका माणसाच्या खुर्चीत बसवा : लहानपणी बीनो वाचलेले आजोबा, डेनिसची आई, वॉल्टर आणि मालिका बनवणारे. प्रश्न एकच, ‘गलोल ठेवायची की काढायची?’ प्रत्येक गटानं आपल्या खुर्चीतून मत द्यायचं, तीन पायांचं.

माझ्या वर्गात काय झालं ते थोडक्यात सांगते. आजोबांचा गट जोरात होता. ‘गलोल काढली तर मग त्यो डेनिस कसला?’ आईच्या गटातल्या मुलीनं सांगितलं, ‘आमच्या गल्लीतल्या एका पोरानं गलोलीनं ट्यूब फोडलीया. बघून करत्यात पोरं.’ त्यावर आजोबांच्या गटातून लगेच, ‘त्यानं कार्टून बघून न्हाई फोडली, त्याच्याकडं टीव्हीच न्हाई!’ दाखल्याला दाखला मिळाला. मी मध्ये काही बोलले नाही.

वॉल्टरच्या गटाला मात्र बोलायला वेळ लागला. शेवटी एक मुलगा उभा राहिला. जूनमध्येच त्याला चष्मा लागला होता. तो म्हणाला, ‘गलोलीचं मला काय न्हाई. पण सगळी हसत्यात ते बंद व्हायला पायजे. मला पण ढापण्या म्हणत्यात.’

तो वॉल्टरच्या खुर्चीत बसला होता म्हणून त्याला ते बोलता आलं. सरळ उभं करून ‘तुला कोण चिडवतं?’ असं विचारलं असतं, तर तो ‘कोण नाही’ म्हणाला असता. आपल्या वर्गांमधली टोपणनावं आठवून बघा : ढापण्या, जाड्या, काळ्या, बुटक्या. यातली काही नावं कार्टूनमधूनच येतात. अंगानं जाड असलेल्या मुलाला ‘ए मोटू’ म्हणणं तर इतकं रुळलंय, की कधीकधी आपणही ऐकून सोडून देतो. शालेय पोषण आहाराच्या वेळी दुसऱ्यांदा भात घ्यायला न उठणारं एखादं मूल तुमच्याही वर्गात असेल. त्याचं पोट भरलंय की त्याला नाव ऐकायचं नाहीये, हे एकदा बघा.

मग मी मोटूचाच प्रश्न फळ्यावर लिहिला : ‘मोटूवर आपण का हसतो?’ एक मुलगी म्हणाली, तो जाड आहे आणि सारखा समोसे खातो म्हणून हसतो, ते बरोबर नाही. दुसरा म्हणाला, ‘पण समोसा खाल्ल्यावर त्योच जॉनला धुतोय. फुरफुरीनगरला वाचवतोय. मग त्याला हसणं म्हणजे चिडवणं कसं?’ दोन्ही मतांना दाखले आहेत. या वादाचा निकाल मी दिला नाही, तुम्हीही देऊ नका. शिक्षकानं निकाल दिला की दुसऱ्या दिवसापासून सगळी मुलं तेच मत लिहितात आणि आपण परत ‘ते खूप छान आहे’वर येतो.

४. तिसरी तासिका : आता लिहूया

लेखनासाठी मुलांना हा सांगाडा द्या. पहिल्यांदा आधार लागतो, नंतर तो आपोआप सुटतो.

१. मी पाहिलेला भाग कोणता? त्यात काय घडलं? (दोन वाक्यांत)
२. मला काय वाटलं? (‘छान’, ‘मस्त’, ‘भारी’ हे शब्द आज सुट्टीवर!)
३. कोणत्या प्रसंगामुळे तसं वाटलं?
४. मी कोणावर हसलो किंवा हसले? तिथं मी असतो तर मला कसं वाटलं असतं?
५. ज्याला हे पटत नाही, तो काय म्हणेल?
६. हे कार्टून बनवणाऱ्यांना मी एक गोष्ट बदलायला सांगेन, ती कोणती?

पाचवा प्रश्न सगळ्यात अवघड जातो आणि सगळ्यात जास्त शिकवतो. सहाव्यात मुलं रंगतात. एका मुलीनं लिहिलं, ‘कार्टूनमधल्या आया फक्त ओरडायला येतात. माझी आई सायकल पण दुरुस्त करते. तशी एक आई दाखवा.’ या दोन-तीन वाक्यांत निरीक्षण आहे, दाखला आहे आणि मागणीही आहे. यापेक्षा चांगलं परीक्षण मोठ्यांकडूनही क्वचितच वाचायला मिळतं.

मुलांनी बोलीत लिहिलं तर पहिल्या कच्च्या लेखनात अडवू नका. ‘हाय’चं ‘आहे’ दुसऱ्या वेळी करता येतं. पहिल्याच वेळी लाल पेन चाललं, की मूल विचार सोडून वेलांट्या सांभाळायला लागतं.

मूल्यमापन : गुण द्यायचेच असतील तर मताला देऊ नका. कारण, दाखला आणि दुसरी बाजू यांना द्या. ज्याचं मत तुमच्या मताच्या उलट आहे त्यालाही पूर्ण गुण मिळू शकतात, हे मुलांना एकदा वही दाखवून सिद्ध करा. तेव्हाच त्यांचा विश्वास बसतो.

५. पालकांसाठी थोडं

पालकहो, कार्टूनबद्दल घरात होणारं संभाषण बहुतेक वेळा एकाच वाक्याचं असतं : ‘बंद कर ते आधी!’ किती वेळ बघायचं हे तुम्हीच ठरवा, त्यात मुलांशी घासाघीस नको. पण काय बघितलं यावर बोलायला हरकत नाही.

‘शिनचॅन’ आठवतंय का? या जपानी कार्टूनमधला मुलगा मोठ्यांना उलटं बोलतो म्हणून आपल्याकडे पालकांनी तक्रारी केल्या. २००८ मध्ये ते दाखवणं बंद झालं आणि नंतर काटछाट करून परत सुरू झालं. तक्रारी चुकीच्या होत्या असं मी म्हणत नाही. मुळात ते जपानमध्ये मोठ्यांच्या नियतकालिकातून आलेलं पात्र होतं, त्यामुळे पालकांची काळजी समजण्यासारखी होती. पण त्या सगळ्या चर्चेत मोठी माणसंच बोलत होती. ज्यांच्यासाठी ते दाखवलं जात होतं, त्या मुलांना कुणी फारसं विचारलं नाही. बंद का केलं हे मुलांना कळलं नाही, तर ती मोबाईलवर तेच शोधतात. का ते कळलं, तर पुढचं कार्टून निवडताना ती स्वतः विचार करतात.

म्हणून एवढंच करून बघा :

- आठवड्यातून एक भाग मुलाशेजारी बसून पूर्ण बघा. भाजी निवडत बघितला तरी चालेल, पण हातात मोबाईल नको.
- भाग संपल्यावर एकच प्रश्न विचारा, ‘आपण कोणावर हसलो रे?’ पाच प्रश्न विचारले की त्याची परीक्षा होते आणि पुढच्या वेळी ते तुमच्याशेजारी बसत नाही.
- तुमचं मत वेगळं असेल तर तेही कारणासकट सांगा. ‘मला नाही पटलं, कारण…’ हे वाक्य मूल घरातच आधी ऐकतं.
- मुलाला, भाच्याला, शेजारच्या पोराला कार्टूनमधल्या नावानं हाक मारत असाल तर एकदा त्यालाच विचारा, ‘तुला चालतं का?’ आणि उत्तर द्यायला वेळ द्या.

६. नेहमी विचारली जाणारी एक शंका

‘आधीच वाचन-लेखन मागे पडलंय, त्यात कार्टूनला तीन तासिका कशाला?’ असं काही सहकारी विचारतात. प्रश्न रास्त आहे. माझा अनुभव असा, की ज्या मुलाला वाचलेल्या धड्यावर दोन वाक्यं बोलता येत नाहीत, त्याला पाहिलेल्या कार्टूनवर बोलता येतं. तिथं त्याला स्टूलचे तीन पाय सापडले, की तेच स्टूल धड्याखाली ठेवायचं. ‘या गोष्टीतला कोणता प्रसंग तुला पटला नाही? का?’ हा प्रश्न मग त्याला परका वाटत नाही. पुढे वर्तमानपत्रातली बातमी, मोबाईलवर आलेला मेसेज, गावच्या सभेतलं भाषण, सगळीकडे हीच सवय कामाला येणार आहे. ऐकलेलं लगेच पुढे ढकलणारा माणूस आणि ‘कशावरून?’ असं विचारणारा माणूस, हा फरक चौथीतच पडायला सुरुवात होते.

आणि चष्मेवाल्या त्या मुलाबद्दल तुम्ही विचाराल. टोपणनावं एका तासिकेत जात नाहीत, त्याचंही गेलेलं नाही. पण आता वर्गात कुणी तो शब्द वापरला की दुसरं कुणीतरी म्हणतं, ‘ए, हसू कोणावर?’ कधी ते गमतीत म्हणतात, कधी खरंच. मला सध्या एवढंही पुरतं.

तुमच्या वर्गात हा पाठ घेतलात तर मोटूच्या प्रश्नावर तुमच्या मुलांनी काय मत दिलं ते जरूर कळवा. फक्त ‘छान झाला’ एवढंच लिहू नका. तीन पायांचं लिहा!